बेडूकमाशांची दिवेलागण

पीएचडी कशात करता, असं कुणी विचारलं की सुरुवातीला मी खरं उत्तर द्यायचे आणि समोरच्याचा चहा थंड व्हायचा. पुढे मी शहाणी झाले. ‘बेडकांत,’ एवढंच सांगायचे. ऐकणारा हसायचा, मीही हसायचे आणि विषय सोयाबीनवर जायचा.

खरं उत्तर तसं अवघड नाही. काही औषधं अंधारात गप्प असतात. शरीरात गेली तरी कुणाच्या वाटेला जात नाहीत. त्यांच्यावर उजेड पडला की मात्र ती कामाला लागतात आणि जिथं असतील तिथल्या पेशी मारतात. म्हणून ती कर्करोगाच्या गाठीच्या उपचारात वापरतात. औषध द्यायचं आणि उजेड फक्त गाठीवर पाडायचा, म्हणजे गाठ मरते आणि बाकीचा माणूस शाबूत राहतो. अट एकच. उजेड नसेल तेव्हा औषधानं खरंच गप्प बसलं पाहिजे. ते बसतं की नाही हे पहिल्यांदा माणसावर बघता येत नाही. मी ते बेडूकमाशांवर बघत होते.

बेडूकमासा म्हणजे पाय फुटायच्या आधीचा बेडूक. नुसतं डोकं आणि शेपूट. त्याची कातडी इतकी पातळ असते की पोटातलं आतड्याचं वेटोळं बाहेरून दिसतं, आणि पाण्यात कालवलेलं औषध थेट अंगात जातं. त्याला टोचावं लागत नाही, पाजावं लागत नाही. बरं असेल तर शेपूट हलवत फिरतो, बरं नसेल तर कलंडतो. माझ्यासारख्या अधीर बाईला असाच प्राणी हवा होता.

औषध माझं नव्हतं. नागपूरच्या एका प्रयोगशाळेतल्या मुलीनं ते पानांतल्या हिरव्या द्रव्यापासून सुरुवात करून बनवलं होतं. त्यात तिची उमेदीची वर्षं गेली होती. ती मला ताई म्हणायची आणि फोनवर त्या औषधाबद्दल असं बोलायची की कुणाला वाटावं घरातल्या हट्टी मुलाबद्दल बोलतेय. ‘अंधारात तो एकदम शांत असतो हो ताई, तुम्ही बघाच,’ असं ती म्हणायची.

आणि मला बघायला एकच पावसाळा उरला होता. दिग्रसच्या एका कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकवते. नोंदणीच्या आधीच्या मुदती बाळंतपण, कॉलेजची तपासणी आणि निवडणुकीच्या ड्यूट्या यांनी खाल्ल्या होत्या. आता मिळाली होती ती शेवटची मुदतवाढ, त्यानंतर नोंदणी रद्द. बेडूक अंडी घालतो पावसाळ्यात, मुदत संपायची हिवाळ्यात. अंधारातली पिल्लं जगली तर माझा प्रबंध पुढे सरकणार होता. मेली तर पुढचा भागच उरत नव्हता, कारण जे औषध अंधारातही मारतं त्याच्या उजेडाचा अभ्यास कुणाला हवाय? घरी, कॉलेजात, नागपूरला, सगळ्यांना हे माहीत होतं. त्यामुळे मला कुणी ‘कसं चाललंय’ विचारलं की मी अंगावर जायचे. माझं माहेर उमरखेडचं. आमच्या घरात माणसं साधं बोलली तरी शेजाऱ्यांना भांडण वाटतं.

हे सगळं सहन करणारं एकच माणूस होतं, ते म्हणजे आमचे मामा. कागदावर ते प्रयोगशाळा परिचर होते, पण प्राचार्यांपासून पहिल्या वर्षाच्या पोरांपर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणत. माझी नोकरी सुरू झाली तेव्हा ते तिथं होतेच, आणि काचेच्या बरणीतला प्रत्येक साप कुणी, कुठून, कुणाची बोलणी खाऊन आणला हे त्यांना पाठ होतं. दिग्रसच्या आसपासचं कुठलं डबकं कधी भरतं आणि कुठल्या शेततळ्याच्या कडेला बेडूक बसतो, हे त्यांना विचारावं. प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख करणाऱ्या समितीनं मोजून परवानगी दिलेली अंडी त्यांनीच आणली. सायकलच्या हँडलला बादली, बादलीवर ओलं पोतं, आणि आत चिकट दोऱ्यांत ओवलेली काळी अंडी. ‘पोत आणली जी म्याडम,’ असं म्हणत त्यांनी बादली माझ्यासमोर ठेवली. खरंच ती काळ्या मण्यांच्या पोतीसारखी दिसत होती.

नगरपरिषदेच्या नळाच्या पाण्यात जंतू मारायचं औषध असतं, त्यानं पिल्लं मरतात. म्हणून मामा कॉलेजच्या विहिरीचं पाणी काढत. पिल्लांना उकडलेला पालक लागायचा. तो मामा स्टाफरूमच्या चहाच्या गंजात, म्हणजे पातेल्यात, उकडत, आणि गंज नीट घासत नसत. त्या पावसाळ्यात आमच्या चहाला पालकाचा वास येत होता आणि गणिताचे सर रोज दूधवाल्याला बोल लावत होते. मी तोंड उघडलं नाही.

प्रयोग काय आहे हे मी मामांना पहिल्याच दिवशी नीट समजावलं होतं. म्हटलं, हे औषध अंगात गेलं की काही करत नाही, पण वरून उजेड पडला की अंग जाळतं. मामांनी ऐकून घेतलं, शर्टाची बाही वर केली आणि कोपराखालचा एक काळपट, गुळगुळीत डाग माझ्यासमोर धरला.

‘म्हंजे बावचीवानी,’ ते म्हणाले.

बावची आमच्याकडे बांधाबांधावर उगवते. जांभळट फुलं, काळं बी. अंगावर पांढरे डाग पडले की तिच्या बियांचं तेल त्यावर लावतात आणि माणसाला सकाळच्या उन्हात बसवतात. थोडं बसलं तर डागाला रंग येतो, जास्त बसलं तर फोड येतात. मामा लहान असताना त्यांच्या वडिलांनी तेल लावून त्यांना खळ्यावर बसवलं, आणि मळणीच्या नादात पोरगं उन्हात आहे हे विसरले. ‘तेल लावून सावलीत बसलो असतो तं काईच झालं नसतं,’ मामा म्हणाले. ‘ऊन लागलं, तवा भाजलं.’

‘हो मामा, अगदी तसंच,’ मी म्हणाले.

मला फार आनंद झाला होता. इतकं स्वच्छ तर माझ्या मार्गदर्शकांनाही सांगता आलं नव्हतं. पुढे दोन परिसंवादांत मी हे बावचीचं उदाहरण स्वतःचं म्हणून वापरलं आणि शाबासकीही घेतली.

अंधारासाठी मी बरण्यांच्या संग्रहालयामागची अडगळीची खोली घेतली. खिडक्यांना काळा कागद, दाराला आतून जाड पडदा, टबांवर काळं कापड. खोलीत एक ट्यूबलाइट होती. ती काढून टाकावी असं माझ्या मनात आलं होतं, पण कॉलेजची शिडी रंगकामाला गेली होती आणि नंतर ते राहून गेलं. पिल्लं मोजायला मी लहान टॉर्चला हिरवा जिलेटीन कागद गुंडाळला होता, कारण हे औषध हिरव्या उजेडाला दाद देत नव्हतं. ट्यूबचं बटन मी त्या खोलीत कधी दाबलं नाही. काही टबांत औषध, काही टबांत साधं विहिरीचं पाणी. तशीच दुसरी रांग बाहेरच्या प्रयोगशाळेत, दिव्याखाली. तो दिवा घड्याळावर आपोआप लागायचा.

दिव्याखालची औषधातली पिल्लं मरणार होती, ती मेली. तिसऱ्या दिवशी सकाळी अंधाऱ्या खोलीतलं कापड उचललं तर तिथंही दोन-तीन पिल्लं कलंडलेली होती. चौथ्या दिवशी आणखी. आठवडा संपेस्तोवर औषधाच्या टबांतली निम्म्याहून जास्त गेली. शेजारच्या साध्या पाण्यातली मात्र तुरुतुरु पळत होती, म्हणजे पाण्याला किंवा पालकाला नाव ठेवायची सोय नव्हती.

मी तरी ठेवलं. विहिरीला ठेवलं, पालकाला ठेवलं, शेजारच्या शेतातल्या फवारणीला ठेवलं. मामांना पुन्हा अंडी आणायला लावली, दुसरा प्रयोग लावला. तेच झालं. मामा रोज सकाळी मेलेली पिल्लं चमच्यानं उचलायला मला मदत करत आणि काही बोलत नसत. एकदा फक्त म्हणाले, ‘लय जोराचं औषध दिसते जी.’

नागपूरला फोन केला. त्या पोरीनं सगळे आकडे ऐकून घेतले. मग तिनं हळूच विचारलं, ‘ताई, नक्की अंधारच होता ना?’

मी अशी भडकले की विचारू नका. म्हटलं, मी काय काल आले आहे का? वीस वर्षं प्रयोगशाळेत घालवली, मला अंधार कळत नाही? तुझं औषध जहाल आहे हे कबूल कर आणि मोकळी हो. ती ‘हो ताई’ म्हणाली आणि तिनं फोन ठेवला. मी दिवसभर रागात होते, आणि तो राग तिच्यावर नाही हे मला कळत होतं.

मी कॉलेजातून पाचला निघायचे. मामा सातपर्यंत थांबून कुलपं लावायचे. इतक्या वर्षांत पाच ते सात या वेळात कॉलेज कसं दिसतं हे मी पाहिलंच नव्हतं. त्या दिवशी चष्मा टेबलावर राहिला म्हणून परत आले. आभाळ भरलेलं, अंधारून आलेलं. फाटकातून बघते तर कॉलेजच्या खोल्यांत एकेक करून दिवे लागत होते. आधी प्राचार्यांची खोली, मग कार्यालय, मग वाचनालय. कुणी तरी चालत चालत बटनं दाबत येत होतं. पोरं नाहीत, मास्तर नाहीत, आणि सगळ्या रिकाम्या खोल्या उजळत होत्या. मला ते बघायला छान वाटलं, हेही सांगून टाकते.

चष्मा घेऊन पिल्लांवर एक नजर टाकायला संग्रहालयाच्या मागे गेले तर अडगळीच्या खोलीच्या दाराखालून उजेडाची पट्टी बाहेर आली होती.

मी दार ढकललं, पडदा ओढला. ट्यूब लागलेली होती. टबांवरचं काळं कापड नीट घडी करून स्टुलावर ठेवलं होतं. मामांच्या चपला दाराबाहेर होत्या, त्या मी आत शिरताना पाहिल्याच नव्हत्या. ते टबांसमोर हात जोडून उभे होते.

‘काय करताय?’ मी ओरडले.

‘दिवा लावून राह्यलो जी,’ मामा म्हणाले. मी कशाला ओरडतेय हे त्यांना खरंच कळलं नव्हतं.

नोकरीला लागल्यापासून ते रोज दिवेलागणीला कॉलेजच्या प्रत्येक खोलीत दिवा दाखवत होते. तिन्हीसांजेला वापरातली खोली अंधारी ठेवायची नाही, हे त्यांच्या घरचं वळण. ते त्यांनी कॉलेजलाही लावलं होतं. खालचा मजला करत यायचं, या खोलीत दिवा लावायचा, वरचा मजला करायचा, आणि परत येताना एकेक विझवत जायचं. अडगळीच्या खोलीत आधी ते उंबऱ्यातूनच बटन दाबायचे. पिल्लं आल्यापासून आत येऊ लागले, आणि दिवा विझवताना कापडही पुन्हा जसंच्या तसं घालून जात.

‘कापड कशाला काढलंत?’

‘लेकरं हायेत जी,’ मामा म्हणाले. ‘दिवसभर अंधारात राह्यते. तिन्हीसांजेले तरी दिवा दाखवा लागते का नाई?’

‘मी सांगितलं होतं ना तुम्हाला, उजेड पडला की जाळतं म्हणून?’

‘म्या ऊन थोडीच दाखवलं?’ मामा म्हणाले. ‘दिवाच तं दाखवला.’

त्यावर मी जे बोलले ते बोलायला नको होतं. म्हणाले, ‘तुमच्या हातानं मेली ती. माझी पदवी पण तुमच्याच हातानं गेली.’ मग बटन बंद केलं आणि आम्ही दोघं अंधारात उभे राहिलो. मला त्यांचं तोंड दिसत नव्हतं. थोड्या वेळानं ते चाचपडत बाहेर गेले आणि चपला घातल्याचा आवाज आला.

घरी आल्यावर डोकं थंड झालं, तेव्हा मला बावची आठवली. मामांनी मला स्पष्ट विचारलं होतं, बावचीसारखं ना? आणि मी म्हणाले होते, अगदी तसंच. ते तसं नव्हतं. बावचीला ऊन लागतं. तेल लावून माणूस घरात ट्यूबखाली रात्रभर बसला तरी त्याला फोड येत नाहीत. आमच्या औषधाला साधा घरातला दिवाही पुरत होता. हा फरक मला ठाऊक होता, सांगायचं काम माझं होतं, आणि एक सुंदर उदाहरण मिळाल्याच्या खुशीत मी तो गिळून टाकला होता. मामांनी माझं ऐकलं नाही असं नव्हतंच. त्यांनी माझं तंतोतंत ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवशी हे मी त्यांना सांगितलं. माझी चूक, असं मी तोंडानं म्हणाले. अशी वाक्यं माझ्या तोंडून सहज निघत नाहीत, पण हे निघालं. मामा पायरीवर बसले होते. त्यांनी एवढंच विचारलं, ‘पण मेली तं दिव्यानंच ना जी?’

‘औषधानं मेली मामा.’

‘दिवा नसता लावला तं जगली असती.’

त्या संध्याकाळी मी मुद्दाम सातपर्यंत थांबले. मामांनी कुलपं लावली, पण एकाही खोलीत बटन दाबलं नाही. सगळी इमारत काळीकुट्ट होती. इतक्या वर्षांत हे पहिल्यांदाच घडत होतं आणि ते माझ्यामुळे घडत होतं. मला फार वाईट वाटलं.

प्रयोगाच्या वहीत खरं लिहिणं भाग होतं. ‘अंधाराच्या खोलीत रोज संध्याकाळी सुमारे दहा मिनिटे ट्यूबलाइट लागत असल्याचे आढळले,’ असं मी लिहिलं. कोण लावत होतं ते लिहिलं नाही. मग नागपूरला फोन लावला, आधी त्या दिवशीच्या बोलण्याची माफी मागितली आणि अंधार अंधार नव्हता हे कबूल केलं. ती रागावेल असं वाटलं होतं. ती उलट खुर्चीतून उठून उभी राहिली असावी, कारण मागं काही तरी पडल्याचा आवाज आला.

‘दहा मिनिटं? साध्या ट्यूबच्या उजेडात?’ ती म्हणाली. ‘ताई, हे औषध घेतलेला माणूस घरी जाणार. घरात ट्यूबच असते. हे आम्ही बघितलंच नव्हतं.’

तिचं म्हणणं असं पडलं की प्रयोग पुन्हा लावायचा, आणि आता दोन नाही, तीन रांगा लावायच्या. एक दिव्याखाली. एक खऱ्या अंधारात. आणि तिसरी अंधारात, पण रोज दिवेलागणीला कापड काढून दहा मिनिटं ट्यूब. जे चुकून झालं तेच आता मुद्दाम, मोजून करायचं.

समितीची परवानगी मिळाली, पण पाऊस सरत आला होता. डबकी आटत होती. अंडी मिळायची आशा मी जवळपास सोडली होती. मामांना सांगायचीही मला लाज वाटत होती, पण सांगितलं. त्यांनी तिसरी रांग कशासाठी हे दोनदा विचारून घेतलं आणि सायकल काढली. रोज सकाळी जात आणि अकराला रिकामी बादली घेऊन येत. पाचव्या दिवशी गुडघ्यापर्यंत चिखल माखून आले. पुसदच्या रस्त्यावरच्या एका शेततळ्यात त्यांना उशिरा अंडी घालणारी जोडी सापडली होती. ‘एकच पोत हाये,’ ते म्हणाले. ‘आता याच्यातच भागवा लागीन.’ मी चहा मागवला. त्यालाही पालकाचा वास होता आणि तो मला चक्क आवडला.

या वेळी शिडी आणून मी स्वतः अडगळीच्या खोलीतली ट्यूब तपासली, खऱ्या अंधाराची रांग वेगळ्या खोलीत ठेवली आणि त्या खोलीतली ट्यूब काढून घरी नेली. राहिलं तिसऱ्या रांगेचं बटन. ते रोज साडेसहाला मला दाबायचं होतं.

दिव्याखालची पिल्लं मी आधीही मारली होती, ते नाकारत नाही. पण तो दिवा घड्याळावर लागायचा आणि तेव्हा मी घरी पोळ्या लाटत असायचे. इथं मला कापड उचलावं लागत होतं. कापड उचललं की पालक मिळतो, एवढं त्या पिल्लांना कळायला लागलं होतं. ती सगळी वर यायची, तोंडं पाण्याला लावून फिरायची. मग मी बटन दाबायचं आणि दहा मिनिटं बघत उभं राहायचं. वीस वर्षं मी पोरांसमोर बेडूक फाडले आहेत आणि चक्कर आलेल्या पोरींना दटावलं आहे. पहिल्या दिवशी मी कशीबशी उभी राहिले. दुसऱ्या दिवशी घड्याळ दिसेना, कारण डोळ्यांत पाणी होतं. एकटी होते म्हणून बरं, असं वाटलं.

तिसऱ्या दिवशी साडेसहाला मामा दारात आले. चपला बाहेर काढल्या. ‘सरका जी,’ म्हणाले. मी सरकले. त्यांनी कापड उचलून नीट घडी घातली, बटन दाबलं आणि हात पाठीमागं बांधून उभे राहिले. त्या दिवसापासून शेवटपर्यंत बटन त्यांनीच दाबलं. का, ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. मी घड्याळ धरायचे.

तिसऱ्या रांगेतली बहुतेक पिल्लं गेली. खऱ्या अंधारातली, औषधात असूनही, सगळी राहिली. ज्या सकाळी शेवटची मोजणी केली त्या सकाळी मी मामांना त्या खोलीत बोलावलं आणि टॉर्च त्यांच्या हातात दिला. त्यांनी एकेक टब मोजला, पुन्हा मोजला. मग म्हणाले, ‘निजून राह्यते औषध. खरंच निजून राह्यते.’ मी नागपूरला फोन लावून त्यांच्या कानाला दिला. तिकडून काय बोलणं झालं मला माहीत नाही, मामा फक्त ‘हो जी, हो जी’ म्हणत होते.

प्रबंध मुदतीत गेला. तोंडी परीक्षा यवतमाळला होती. ती खुली असते, कुणीही येऊन बसावं. सहसा कुणी येत नाही. त्या दिवशी मामा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून पहिल्या एसटीनं दिग्रसहून आले आणि शेवटच्या बाकावर बसले. मी नको म्हटलं असतं, पण विचारलंच नव्हतं त्यांनी.

बाहेरून आलेले परीक्षक वयस्कर होते, बारीक आवाजात बोलत आणि पानापानावर खुणा करून आले होते. माझं सगळं बरं चाललं होतं. मग ते तिसऱ्या रांगेवर आले.

‘दहाच मिनिटं का?’ त्यांनी विचारलं. ‘पाच का नाही, पंधरा का नाही? आणि संध्याकाळीच का?’

‘प्राथमिक निरीक्षणावरून, सर,’ मी म्हणाले. हे उत्तर मी पाठ केलं होतं.

‘कोणतं निरीक्षण? कुणी केलं?’

मी प्रबंधाची पानं उलटायला लागले. खरं सांगितलं तर चारचौघांत मामांची चूक सांगितल्यासारखं होणार होतं. नाही सांगितलं तर माझ्याकडे दुसरं उत्तर नव्हतं, आणि परीक्षक ज्या नजरेनं बघत होते त्यावरून पुढचं सगळं तिथंच अडणार हे दिसत होतं. मी आणखी एक पान उलटलं.

मागून बाक सरकल्याचा आवाज आला. मामा उभे राहिले होते.

‘वरचा मजला करून वापस याले तेवढा येळ लागते जी,’ ते म्हणाले.

सगळे वळले. परीक्षकांनी चष्मा काढला. ‘आपण कोण?’

मामांनी सांगितलं. अगदी सगळं सांगितलं. दिवेलागण, कापड, बावची, आणि आपल्याला दिवा आणि ऊन वेगळे वाटले तेही. म्याडमनं शिकवलं होतं बरोबर, आपणच उलटं समजलो, असंही म्हणाले. ते खोटं होतं आणि मला मध्ये बोलायला हवं होतं. परीक्षक हाताची घडी घालून ऐकत होते.

‘मग दुसऱ्या वेळी बटन कुणी दाबलं?’ त्यांनी विचारलं. ‘यांनी?’

‘दोन दिवस यायनं. मंग म्या.’

‘तुम्ही कसं? तोवर तर तुम्हाला कळलं होतं ना, त्यानं मरतात म्हणून?’

‘म्हणूनच जी,’ मामा म्हणाले. ‘पयलेची लेकरं माह्या हातानं गेलती. थे पाप माह्यावर होतंच. त्याच्यातच ही पण टाकली. म्याडमच्या वाट्याले नवं कायले द्याचं?’

एवढं बोलून ते खाली बसले. मी पाठ फिरवून पडद्यावरच्या तक्त्याकडे बघत उभी राहिले, आणि मला त्यातलं एक अक्षर दिसत नव्हतं. परीक्षकांनी त्यानंतर आणखी काही तरी विचारलं आणि मी काही तरी उत्तर दिलं, म्हणून तर पदवी मिळाली. काय विचारलं ते मात्र मला आजही आठवत नाही.